आरोग्याचे शब्द सहावी ते आठवीच्या वर्गात कसे शिकवावेत

सातवीतला विद्यार्थी ‘संसर्गजन्य रोग’ या संज्ञेची व्याख्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळतील अशी लिहितो, पण तोच विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांसमोर बसला की ‘बरं वाटत नाही’ यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग त्याच्या वतीने आई बोलते आणि आईच्या नजरेस जे पडले नाही ते सांगायचे राहून जाते. आरोग्य शिक्षणातील शब्द या प्रसंगासाठी शिकवायचे आहेत असे धरून चालले, तर कोणते शब्द निवडावेत, कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि ते आले की नाही हे कसे तपासावे, हे तिन्ही प्रश्न बरेच सोपे होतात. पुढील मांडणी मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक वर्गांसाठी आहे. विज्ञान, आरोग्य व शारीरिक शिक्षण किंवा मराठी यांपैकी कोणत्याही तासाला ती वापरता येईल.

तीन रकान्यांची वही

प्रत्येक विद्यार्थ्याने एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात घरी बोलला जाणारा शब्द, दुसऱ्यात पाठ्यपुस्तकातला आणि तिसऱ्यात दवाखान्यात कानावर पडणारा शब्द लिहावा. मुदतीचा ताप, विषमज्वर आणि टायफॉइड हे तीन निरनिराळे आजार आहेत अशी अनेक मुलांची समजूत असते. थंडीताप, हिवताप आणि मलेरिया यांच्याबाबतीतही तेच घडते. आजीला ‘साखर’ आहे, पुस्तकात ‘मधुमेह’ आहे आणि डॉक्टर ‘शुगर वाढली’ म्हणतात, हे एका ओळीत समोर आले की मुलाच्या मनातील तीन गोष्टींची एक गोष्ट होते. पहिल्या रकान्यातील शब्द गावागणिक बदलेल आणि तो प्रमाण भाषेतला नाही म्हणून शिक्षकांनी तो खोडू नये. आठवड्याला चार-पाच शब्द पुरेसे आहेत. व्याख्येसाठी चौथा रकाना आखण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तो आखला की मुले उरलेले तीन रकाने विसरून तेवढाच पाठ करतात.

सुरुवात दुखण्यापासून

बहुतेक ठिकाणी आरोग्याचा पाठ ‘आरोग्य म्हणजे काय’ या प्रश्नाने सुरू होतो. त्याऐवजी ‘काय होतंय’ या प्रश्नाने सुरुवात करावी, कारण या प्रश्नाच्या उत्तराचे साहित्य मुलांकडे आधीच असते. मराठीत दुखण्याला शब्द उदंड आहेत. दाढ ठणकते, पिकू लागलेले गळू ठुसठुसते, पोटात मुरडा येतो, पाठीत चमक भरते, पोटरीत गोळा येतो, हाताला मुंग्या येतात, लघवी करताना आग होते आणि खरचटलेल्या जागी चुरचुरते. यांपैकी प्रत्येक क्रियापद डॉक्टरांना वेगळी माहिती देते आणि ‘दुखतंय’ या एकाच शब्दात ती सगळी बुडून जाते. मुलांनी स्वतःला झालेल्या दुखण्यांसाठी असे शब्द गोळा करावेत, घरच्या मोठ्यांना विचारून आणखी आणावेत आणि प्रत्येक शब्द एका वाक्यात वापरून दाखवावा.

यानंतर जवळजवळच्या शब्दांमधील भेद घ्यावा. कणकण म्हणजे अंग मोडून येणे व किंचित ताप असल्यासारखे वाटणे, तर हुडहुडी भरली की पांघरूण घेऊनही कापरे थांबत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि आजूबाजूचे सगळे गरगर फिरणे या दोन्हींना मुले ‘चक्कर’ म्हणतात. पहिल्यात डॉक्टर रक्तदाब व पोटात अन्न होते का याची चौकशी करतील, दुसऱ्यात त्यांचे लक्ष बहुधा कानाकडे जाईल. खोकला कोरडा आहे की कफ पडतो, सारखी ढास लागते की मध्येच उबळ येते, हे सांगता येणेही त्याच पठडीतले आहे. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करतात, हे याच ठिकाणी सांगून टाकावे.

भेद कळला की जोड्या पाडून रुग्ण आणि डॉक्टर यांचा संवाद करून घ्यावा. रुग्ण झालेल्या विद्यार्थ्याने चार गोष्टी सांगायच्या: कुठे होते, कधीपासून होते, कसे होते आणि सोबत आणखी काय होते. उदाहरणादाखल हे बोलणे पाहावे: “डॉक्टर, काल दुपारपासून पोटात दुखतंय. आधी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली दुखतंय. दोनदा उलटी झाली आणि जेवण नको वाटतं.” बेंबीजवळ सुरू होऊन ओटीपोटाच्या उजव्या बाजूला सरकणारी वेदना ही आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला, सूज आल्याची ओळखीची खूण आहे. हे बोलणे करणारा विद्यार्थी निदान करत नाही, निदान करणाऱ्याला लागणारी माहिती मात्र क्रमाने देतो.

जागा दाखवण्यासाठी फरशीवर एका विद्यार्थ्याला निजवून त्याच्याभोवती खडूने आकृती काढावी आणि चिठ्ठ्यांवर लिहिलेले शब्द त्या आकृतीवर ठेवायला लावावेत. डोके, हात, पाय हे शब्द सोडून द्यावेत, कारण ते सर्वांना येतात. काख, बरगडी, कूस, ओटीपोट, जांघ, खुबा, पोटरी, घोटा आणि टाच यांच्या जागी चिठ्ठ्या ठेवताना वर्गात खरी गंमत येते. पोट या शब्दाची फोड करून जठर, यकृत, लहान आतडे, मोठे आतडे आणि मूत्राशय या अंतर्गत अवयवांच्या चिठ्ठ्या त्यानंतर ठेवाव्यात. यकृताची चिठ्ठी बहुतेक मुले डावीकडे ठेवतात. ती उजव्या बरगड्यांखाली न्यायला लावावी.

लक्षण वेगळे, रोग वेगळा

ताप हा रोग नव्हे, लक्षण आहे, हे वाक्य मुलांना पाठ असते. त्याचा अर्थ कावीळ या शब्दावरून नीट समजतो. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणे आणि लघवी गडद पिवळी होणे ही खूण आहे आणि तिच्यामागे यकृताला सूज आणणारे वेगवेगळे विषाणू असू शकतात. हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाणी व अन्न यांतून पसरतात. ‘बी’ आणि ‘सी’ रक्तातून, दूषित सुईतून पसरतात. ‘कावीळ झाली’ एवढेच म्हणून थांबले की गावात पाण्याची टाकी तपासायची की इंजेक्शनच्या सुया, हे कळत नाही. कावीळ उतरवून घेण्याच्या नादात अनेक घरांत आठवडा वाया जातो, त्याचे मूळही लक्षणालाच रोग समजण्यात आहे.

तापाच्या बाबतीत शब्दाला आकड्याची जोड द्यावी. अंग कोमट लागणे आणि तापमापकावर १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, दिसणे यांत फरक आहे. शरीराचे सर्वसाधारण तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस, धरले जाते. शाळेत डिजिटल तापमापक असेल तर तो प्रत्येकाच्या काखेत धरून आकडा वाचून घ्यावा आणि तो पुसण्याची सवयही तिथेच लावावी.

जंतू, संसर्ग आणि वाहक

पावसाळा सुरू झाला की डेंग्यूच्या निमित्ताने शब्दांची एक साखळी आपोआप तयार होते: रोगकारक विषाणू, रोगवाहक एडिस डासाची मादी, तिची पैदास होण्याची जागा असलेले साठलेले स्वच्छ पाणी आणि शेवटी संसर्ग झालेला माणूस. टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत किंवा कूलरमध्ये साठलेले पाणी एका काचेच्या बरणीत आणावे, तोंडाला पातळ कापड घट्ट बांधावे आणि भिंगातून अळ्या पाहाव्यात. अंडी, अळी, कोष आणि डास या चार अवस्था मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या की अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात ही माहिती अर्थपूर्ण होते. आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ का पाळतात, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. डास बाहेर पडण्याआधी ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतून द्यावे, हे सांगायची गरज नसावी, तरीही सांगून ठेवतो.

जिवाणू आणि विषाणू यांतील भेदावर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण औषधे त्यावर अवलंबून असतात. क्षयरोग, विषमज्वर आणि पटकी जिवाणूंमुळे होतात. डेंग्यू, गोवर आणि सर्दी विषाणूंमुळे होतात. हिवताप प्लाझमोडियम नावाच्या आदिजीवामुळे होतो आणि गजकर्ण कवकामुळे. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर करत नाहीत, म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागून घेण्यात अर्थ नाही. इथे एक अडचण हमखास येते. प्रतिजैविक, प्रतिपिंड (अँटिबॉडी), प्रतिजन (अँटिजेन) आणि प्रतिकारशक्ती हे शब्द एका सुरात येतात आणि परीक्षेत एकमेकांच्या जागी लिहिले जातात. ते एकाच दिवशी शिकवू नयेत. प्रतिकारशक्ती आणि प्रतिपिंड लसीकरणाबरोबर घ्यावेत, प्रतिजैविक औषधांबरोबर घ्यावे आणि प्रतिजन आठवीपर्यंत लांबवले तरी बिघडत नाही.

आजारांची जुनी नावे

गालगुंड, गलगंड, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, मुडदूस ही नावे लसीकरणाच्या पत्रकात आणि पुस्तकात येतात, पण बहुतेक मुलांनी हे आजार पाहिलेले नसतात. त्यांत गालगुंड आणि गलगंड यांची जोडी फार चकवते. गालगुंड विषाणूमुळे होतो, त्यात कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल फुगतो आणि तो एकाकडून दुसऱ्याला होतो. गलगंडात गळ्यासमोरील अवटू, म्हणजे थायरॉइड, ग्रंथी वाढते, आहारातील आयोडीनची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण आहे आणि तो शेजारी बसल्याने होत नाही. एकात मुलाला काही दिवस शाळेत पाठवू नये, दुसऱ्यात घरातील मीठ आयोडीनयुक्त आहे का, हे पुडीवर पाहावे. दोन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘गाल’ आणि ‘गळा’ यांवर बोट ठेवले की पुन्हा गोंधळ होत नाही.

घटसर्प या शब्दाची अडचण निराळी आहे. ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत, त्या मुलांना घटसर्प म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर गाई-म्हशींना होणारा आजार एवढेच ठाऊक असते. माणसांचा घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, वेगळ्या जिवाणूमुळे होतो आणि त्यात घशात राखाडी पापुद्रा धरून श्वास अडतो. वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी दिली जाणारी ‘टीडी’ लस धनुर्वात आणि घटसर्प या दोहोंविरुद्ध असते. सहावीतल्या मुलांच्या दंडाला ही लस नुकतीच टोचून झालेली असते, त्यामुळे ‘टीडी’ या अक्षरांचा अर्थ सांगण्याची यापेक्षा चांगली वेळ नाही.

साथ, विलगीकरण, नियंत्रण आणि निर्मूलन हे शब्द इतिहासातून शिकवावेत; मुंबईचा इतिहास त्यासाठी हाताशी आहे. भारतात देवीची लस प्रथम मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तिच्या पार्श्वभूमीवर १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची आहे. नियंत्रण म्हणजे रुग्णांची संख्या आटोक्यात ठेवणे आणि निर्मूलन म्हणजे रोगाचा पूर्ण नायनाट, हा फरक देवीच्या उदाहरणाने पटतो, कारण १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी रोगाचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. हिवतापाचे अद्याप नियंत्रणच चालू आहे.

आहार आणि रक्तक्षय

कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे आणि तंतुमय पदार्थ या शब्दांवर पाठ्यपुस्तकात भरपूर मजकूर असतो, म्हणून त्यांवर फार वेळ घालवू नये. बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यामागील तक्ता वाचायला लावला तरी काम होते. मात्र तक्त्यातील आकडे दर १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हे आधी पाहायला शिकवावे.

रक्तक्षय हा शब्द मात्र सोडू नये. ‘अंगात रक्त कमी आहे’ या वाक्याचा अर्थ मुले रक्ताचे प्रमाण घटले असा घेतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा रक्तातील हिमोग्लोबिन कमी झालेले असते. १२ ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींमध्ये हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी याचसाठी असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्याबरोबर चहा घेऊ नये आणि ती घेतल्यावर शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये, या तीन सूचना शब्दाबरोबरच दिल्या की गोळी दप्तरात पडून राहण्याचे प्रमाण कमी होते.

ज्या शब्दांना वर्गात हसू फुटते

‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’, ‘अडचण आहे’ अशा आडवळणाने बोलण्याची आपल्याकडे रीत आहे आणि या शब्दांनी मासिक पाळीचे वर्णन होत नाही, ती झाकली जाते. मासिक पाळी, गर्भाशय, संप्रेरके, पौगंडावस्था हे शब्द बाईंनी किंवा सरांनी इतर कोणत्याही शब्दाइतक्याच सरळ आवाजात उच्चारावेत आणि मुलगे व मुली दोघांसमोर उच्चारावेत. प्रत्यक्ष शंका विचारण्यासाठी वेगळे गट करावेत आणि नाव न लिहिता प्रश्न टाकता येतील अशी चिठ्ठीपेटी ठेवावी. पहिल्या आठवड्यात पेटीत थट्टेच्या चिठ्ठ्याच निघतील. त्या न वाचता बाजूला ठेवून पेटी चालू ठेवावी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून खरे प्रश्न येऊ लागतात. शरीराच्या खासगी अवयवांची नावे मुलांना माहीत असणे त्यांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे, कारण ज्या मुलाकडे अवयवाला शब्दच नाही, त्याला चुकीच्या स्पर्शाबद्दल तक्रार करता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक याच तासाला वहीत लिहून घ्यावा.

मनाविषयीच्या शब्दांची स्थिती उलट आहे. तिथे शब्द आहेत, पण ते सैल वापरले जातात. चाचणीच्या आदल्या दिवशीचे ‘टेन्शन’ आणि क्रिकेटचा सामना हरल्यावरचे ‘डिप्रेशन’ रोज ऐकू येते. ताण तात्पुरता असतो आणि त्याचे कारण सांगता येते. चिंता कारण सरले तरी उरते. आणि दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप व भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि ते मोठ्यांना सांगायला हवे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. वर्गातील कोणालाही यांपैकी एखाद्या शब्दाचे लेबल लावले जाणार नाही, एवढी खबरदारी शिक्षकांनी घ्यावी.

व्यसनाच्या पाठात ‘तंबाखूजन्य पदार्थ’ हा शब्द मुलांना परका वाटतो, कारण त्यांच्या परिसरात तो पदार्थ त्या नावाने विकला जात नाही. विदर्भात त्याचे नाव खर्रा असते, इतरत्र मावा असते आणि पश्चिम महाराष्ट्रात दात घासण्यासाठी भाजून वापरलेल्या तंबाखूला मिश्री म्हणतात. मिश्रीला व्यसन न मानणारी घरे आजही आहेत. ही सर्व नावे पहिल्या रकान्यात यावीत आणि समोर निकोटीन हा शब्द यावा. सुपारी व तंबाखू सतत चघळणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ही साधी तपासणी मुलांनी स्वतः करून पाहावी आणि हवी असल्यास घरीही दाखवावी.

तपासणी कशी करावी

‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न शक्यतो विचारू नये. त्याऐवजी प्रसंग द्यावा. शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला सकाळपासून सहा वेळा पातळ शौचास झाले आहे, ओठ कोरडे पडले आहेत आणि तो रडतो तेव्हा डोळ्यांत पाणी येत नाही. आशाताईंना फोनवर काय सांगाल आणि त्या येईपर्यंत काय कराल? या उत्तरात अतिसार, निर्जलीकरण आणि जलसंजीवनी हे तिन्ही शब्द आपापल्या जागी यायला हवेत. जलसंजीवनीची एका लिटरची पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावी, चमचाभर पूड पेल्यात टाकून चालत नाही आणि तयार द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे, हे लिहिले असेल तर अधिक गुण द्यावेत. दुसरा प्रसंग असा देता येईल: पाच दिवसांची प्रतिजैविके दिली आहेत, दुसऱ्याच दिवशी बरे वाटले आणि आई म्हणते की उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू, आईला काय समजावून सांगाल?

उत्तरात ‘मधुमेह’ऐवजी ‘शुगर’ लिहिले आणि अर्थ बरोबर असेल तर गुण कापू नयेत. तिन्ही रकान्यांतील शब्द ग्राह्य आहेत हे आधीच जाहीर करावे. प्रत्यक्ष परीक्षा वर्षातून एकदा शाळेतच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आरोग्य तपासणीसाठी येते तेव्हा वर्गशिक्षक सवयीने मुलाच्या शेजारी उभे राहून त्याच्या वतीने उत्तरे देतात. त्या दिवशी त्यांनी दाराबाहेर थांबावे, मुलाला एकट्याने बोलू द्यावे आणि पथक गेल्यावर डॉक्टरांनी कोणता शब्द वापरला जो वहीत नव्हता, तेवढे मुलांकडून विचारून घेऊन तिसऱ्या रकान्यात भर घालावी.